जुन्या प्रिंटरच्या भागांतून घरगुती सीएनसी राऊटर: कोणते भाग वापरावेत आणि कोणते टाळावेत?

प्रश्न (सावंतवाडी)

नमस्कार. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम चालत आले असून देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि घराच्या नावाच्या पाट्या मी आजही पटाशीनेच कोरतो. पाट्यांची मागणी वाढल्यामुळे ६०० × ४०० मिमी आकाराचे काम होईल असा छोटा सीएनसी राऊटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र) स्वतः बांधावा, असा विचार आहे. एका पतसंस्थेने भंगारात काढलेले रुंद कागदाचे दोन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माझ्याकडे आहेत. त्यांतून ८ मिमी जाडीचे चार पोलादी दांडे आणि सहा तारांच्या दोन स्टेपर मोटरी (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) निघाल्या. याशिवाय संगणकाचे दोन जुने पॉवर सप्लाय, कपाटातून काढलेली टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी आणि ६ मिमी कोलेटचा (पाते पकडणाऱ्या चिमट्याचा) हातट्रिमर आहे. अवजारे म्हणाल तर ड्रिल, हॅकसॉ, कानस, गुण्या, वर्नियर आणि मल्टिमीटर.

लांबीच्या दिशेला चॅनेल आणि रुंदीच्या दिशेला ४२० मिमी अंतरावर टेकवलेले प्रिंटरचे दांडे वापरले तर चालतील का? आणि संगणकाचे दोन सप्लाय एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेता येतील का?

उत्तर १ (कोल्हापूर)

नमस्कार. मी यंत्रशाळेत काम करतो आणि घरी असे एक यंत्र बांधून मोडून पुन्हा बांधले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रिंटरचा दांडा उत्तम घासलेला आणि सरळ असतो, परंतु तो शंभर-दोनशे ग्रॅमचे हेड इकडून तिकडे नेण्यासाठी केलेला असतो. आपला ट्रिमर, त्याची पकड आणि उभ्या अक्षाची मोटर मिळून दोन किलोंच्या पुढेच वजन जाईल. दोन्ही टोकांना नुसत्या टेकवलेल्या ४२० मिमी अंतरावरच्या ८ मिमीच्या दोन दांड्यांवर मध्यभागी दोन किलो भार ठेवला, तर गणिताने सुमारे ०.३८ मिमी झोळ येतो. पाटीच्या कामात ही चूक लहान नाही, कारण ९० अंशांच्या व्ही-बिटने (व्ही आकाराच्या टोकदार पात्याने) कोरताना खोली ०.४ मिमीने चुकली की रेषेची रुंदी ०.८ मिमीने बदलते, आणि मग अक्षर कडेला बारीक व मधोमध जाड दिसते. गोल दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ८ ऐवजी १६ मिमीचा दांडा घेतला तर झोळ सोळापट कमी होतो. उलट तोच दांडा दुप्पट लांब केला तर झोळ आठपट वाढतो. यासाठी पैसे खर्चायचेच असतील तर सर्वांत आधी दांडे आणि बेअरिंग यांवर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब अक्षासाठी तर खालून सलग आधार असलेले एसबीआर-१६ दांडेच घ्यावेत.

टेलिस्कोपिक चॅनेल कृपया वापरू नका. ते उभा भार चांगला पेलते, पण बाजूने दाबून पाहिले तर हाताला खेळ जाणवतो, आणि राऊटरचे पाते लाकडाला जो जोर लावते तो मुख्यतः बाजूनेच असतो.

सांगाड्यासाठी १८ मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० शिक्का असलेला, पुरेसा आहे. मात्र एकच जाड फळी न घेता दोन थरांमध्ये आडव्या-उभ्या फासळ्या चिकटवून पेटीसारखा पाया करावा, कारण तशी पेटी पिळली जात नाही. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता कापलेल्या सर्व कडा आणि भोकांच्या आतल्या बाजूही पॉलिशने बंद कराव्यात. काटकोनाची परीक्षा गुण्यापेक्षा यंत्राकडूनच करून घ्यावी: एका बिंदूपासून एका अक्षावर ३०० मिमी आणि दुसऱ्या अक्षावर ४०० मिमी अंतरावर टोकदार पात्याने खुणा कराव्यात, कर्ण ५०० मिमी भरला नाही, तर गॅन्ट्री (ट्रिमर वाहून नेणारी आडवी कमान) तिरकी बसली आहे असे समजावे.

उत्तर २ (पुणे)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त मोटरी आणि नियंत्रणाबद्दल लिहितो.

सहा तारांची मोटर दोन-गुंडाळी ड्रायव्हरवर (मोटरीला पावलागणिक वीज देणाऱ्या सर्किटवर) चालते. प्रत्येक गुंडाळीची मधली तार मोकळी ठेवून तिच्यावर इन्सुलेशन टेप लावायची. मल्टिमीटरने रोध मोजला की मधली तार सहज सापडते, कारण टोकापासून मध्यापर्यंतचा रोध टोकापासून टोकापर्यंतच्या निम्मा असतो. परंतु या मोटरी एका फेऱ्यात किती पावले टाकतात हे आधी तपासा. काही जुन्या मोटरींचे पाऊल १.८ ऐवजी ७.५ अंशांचे असते, म्हणजे २०० ऐवजी फक्त ४८ पावले. माझा सल्ला असा की या मोटरींवर जोडणी आणि प्रोग्रॅम यांचा सराव करावा आणि प्रत्यक्ष यंत्रासाठी नेमा-२३ मापाच्या मोठ्या स्टेपर मोटरी घ्याव्यात.

आर्दुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डवर जीआरबीएल हा मुक्त प्रोग्रॅम टाकला की तीन अक्ष व्यवस्थित चालतात. त्याची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० पावलांची आहे आणि स्क्रू निवडताना तीच विचारात घ्यावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातल्या एम-८ आट्यांच्या दांड्याचा आटा १.२५ मिमी असतो. २०० पावलांच्या मोटरीत ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे सोळा भाग केले तर एका मिलिमीटरला २,५६० पावले लागतात आणि वेग मिनिटाला ७०० मिमीच्या आसपास अडकतो. त्याऐवजी फेऱ्याला २ मिमी सरकणारा टी-८ स्क्रू घेऊन पावलाचे आठच भाग केले, तर मिलिमीटरला ८०० पावले पुरतात आणि मर्यादा मिनिटाला २,२५० मिमीपर्यंत जाते.

ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नका. माझे दोन ड्रायव्हर त्याच चुकीने जळाले.

उत्तर ३ (रत्नागिरी)

पॉवर सप्लायच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. संगणकाच्या सप्लायची काळी तार आतून पेटीला आणि अर्थिंगला जोडलेली असते. त्यामुळे दोन सप्लाय एकापुढे एक जोडले की अर्थिंगमधून थेट शॉर्ट होतो, आणि तो टाळण्यासाठी अर्थिंग तोडण्याचा मार्ग काहीजण सुचवतात, तो तर मुळीच स्वीकारू नये. २४ व्होल्टचा तयार सप्लाय घ्यावा. जुन्यापैकी एक सप्लाय १२ व्होल्टचे पंखे व दिवे यांसाठी वापरता येईल.

ट्रिमर आणि मोटरी दोन्हींची वीज एकदम तोडणारे लाल बटण हाताशी, पात्यापासून दूर बसवावे. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) कोरताना धुळीसाठी शोषणयंत्र आणि मास्क दोन्ही हवेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन लाकडी ठोकळ्यांवर ४२० मिमी अंतर ठेवून प्रिंटरचे दोन दांडे टेकवले, मध्ये दोन किलोचे वजन टांगले आणि वर्नियरने मोजले, तर झोळ ०.४ मिमी भरला. १६ मिमीचे दांडे घेण्याचे ठरवले आहे. एकच शंका उरते: मिलिंग यंत्र हाताशी नसताना दोन दांडे समांतर कसे बसवावेत?

उत्तर १ (कोल्हापूर)

पहिला दांडा गुण्याने कडेशी जुळवून पक्का कसावा. दुसऱ्याचे बोल्ट सैल ठेवून त्यांची भोके अर्धा-एक मिमी मोठी करावीत. मग बेअरिंगसह गाडी (दांड्यांवर सरकणारा भाग) दोन्ही दांड्यांवर चढवून एका टोकाला न्यावी आणि त्या टोकाचे बोल्ट कसावेत. नंतर गाडी दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले कसावेत. गाडीच दांड्याला आपल्या अंतरावर आणते. शेवटी ती बोटाने ढकलून पाहावी. कुठे जड लागली तर त्याच टोकाचे बोल्ट सैल करून पुन्हा कसावेत, आणि ती सर्वत्र सारखी हलकी सरकेपर्यंत स्क्रू जोडू नये.