लिटल मॉर्टन हॉलचा काळा रंग काढून टाकावा का?

मुक्काम मँचेस्टर
परवा इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातला लिटल मॉर्टन हॉल पाहिला. चारी बाजूंनी खंदक आणि मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कुठेच काटकोनात नसलेला लाकडी वाडा. साधारण १५०४ ते १६१० या काळात मॉर्टन घराण्याच्या पिढ्यांनी तो वाढवत नेला. १९३८ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गंमत म्हणजे ज्या रंगासाठी सगळे फोटो काढतात, तो मूळचा नाहीच. ओकच्या तुळया तशाच उघड्या सोडायचे, त्या उन्हापावसात रुपेरी करड्या व्हायच्या आणि मधला गिलावा पिवळसर मातकट असायचा. काळं-पांढरं हे व्हिक्टोरियन काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं खूळ. मग ते जपायचं कशाला? काढा की!

रंधा
काढायचं कशानं? वाळूचा मारा करून की घासून? अंगणातल्या मोठ्या खिडक्यांवर १५५९ साली सुतारानं स्वतःचं नाव कोरलंय, ‘रिचर्ड डेल’. देवाच्या कृपेनं या खिडक्या मी केल्या, असं लिहिलंय बिचाऱ्यानं. काळ्यासोबत तीही अक्षरं बोथट होणार. आमच्या गावच्या घरी सागवानी खांबांचा ऑइलपेंट हौसेनं घासून काढला होता. आता त्यावरची कमळं बटाट्यासारखी दिसतात.

चुन्याची निवळी
हे सोयीचं झालं. १९७६ मध्ये तिथल्याच दिवाणखान्यात जॉर्जियन काळात (साधारण अठराव्या शतकात) भिंतीवर बसवलेल्या लाकडी फळ्यांमागे त्याहून जुनी भित्तिचित्रं सापडली, बायबलातल्या सुझानाच्या गोष्टीची. ती आज सगळे कौतुकानं बघतात. तेव्हा कुणी म्हणालं का, की फळ्या हाही इतिहासच, त्यांच्यामागे डोकावू नका?

रंधा
फळी हातानं सुटते, परत बसवता येते. लाकडात मुरलेलं काळं तसं सुटत नाही. हा वादही आजचा नाही. जुन्या इमारती खरवडून ‘मूळ’ करण्याच्या विरोधात विल्यम मॉरिस या इंग्लिश कलावंत-लेखकानं १८७७ मध्ये संस्थाच काढली होती.

वरचा मजला
दोघांनाही एक विचारतो: मूळ म्हणजे कुठल्या साली? सगळ्यात वरचं ते लांबलचक दालन, जवळपास २१ मीटरचं, बांधकाम सुरू झाल्यावर सुचलेलं दिसतं. त्यावर छपराला जड दगडी फरशा. त्या ओझ्यानं खालचे मजले वाकले, म्हणून तर घर असं झिंगल्यासारखं दिसतं. पहिलं रूपच हवं तर ते दालनही उतरवा, मग तिकीट काढून कोण येतंय बघू. आणि एकोणिसाव्या शतकात घर कुळांकडे होतं, प्रार्थनागृहात कोळसा भरलेला असायचा. तोही परत भरायचा का?

मुक्काम मँचेस्टर
कोळशाचा मुद्दा मान्य 😄 बरं, लाकडाला हात लावू नका. पण निदान अंगणातल्या एका भिंतीच्या गिलाव्याला तरी चुन्यात पिवळी माती कालवून हात मारा. नाही आवडलं तर पुन्हा पांढरा चुना फासता येईल.

रंधा
काळे पट्टे तसेच आणि मध्ये पिवळं? खंदकाकाठी वाघ बसवताय का?