मदत हवी आहे: विनोदी नाटकात जुन्या अन्यायाचा उलगडा कधी करावा?

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी गटासाठी मी एक दोन अंकी विनोदी नाटक लिहीत आहे. एकेकाळी एकाच कचेरीत असलेले दोन निवृत्त गृहस्थ शेजारी राहतात; आपली बढती रोखणारे निनावी पत्र दुसऱ्यानेच लिहिले, या संशयाने पहिला वर्षानुवर्षे धुमसतो आहे, आणि सूड घेतो तो कसला, तर शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे रोज पहाटे पेनाने, तेही मुद्दाम चुकीचे, भरून ठेवतो.

पहिला अंक वाचनात छान रंगतो. दुसऱ्या अंकात मात्र पत्र खरोखरच शेजाऱ्याने लिहिल्याचे कळते आणि तिथून हशा आटतो, कारण अन्याय खरा ठरला की शब्दकोड्याची खोडी केविलवाणी दिसू लागते. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये तसबिरीचा घोटाळा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतो, पात्रेच तेवढी अंधारात चाचपडतात; फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या 'स्गानारेल' या प्रहसनातही हीच युक्ती आहे. पण तिथे संशय निराधार असतो. इथे तो साधार आहे आणि मला तो तसाच ठेवायचा आहे (निव्वळ गैरसमजाचा शेवट मला जरा फारच सोयीचा वाटतो).

तर पत्राची कबुली पहिल्या अंकातच स्वगतातून प्रेक्षकांच्या कानावर घालावी, की सूड अंगाशी आल्यावर अखेरच्या प्रवेशात उघड करावी? अशी नाटके बसवलेल्यांनी तालमीत काय साधले आणि काय पडले, हे कृपया सविस्तर सांगावे.