शार्त्रच्या कॅथेड्रलच्या भिंती उजळल्या, हे योग्य झाले का?

चंद्रमौळी :
पॅरिसच्या नैर्ऋत्येला असलेल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये मी पहिल्यांदा गेलो ते २००६ साली. आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसले नाही. मग डोळे सरावले तसा काळोखातून निळा रंग वर आला, आणि दगड कुठे आहे हे विसरून मी कितीतरी वेळ फक्त काचा पाहत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा तीच वास्तू आतून फिकट पिवळसर आणि लख्ख झालेली होती. फ्रेंच शासनाने २००९ पासून भिंतींवरची आणि छतावरची काजळी काढून, खालचा जुना गिलावा दुरुस्त करून, जिथे तो उरला नव्हता तिथे त्याच रंगाचा नवा गिलावा चढवला आहे.

माझा आक्षेप असा की, अडीच हजार चौरस मीटरहून अधिक रंगीत काच, आणि तीही बहुतांशी तेराव्या शतकातली, जिथे टिकून आहे, तिथे काळोख ही त्या काचांची पार्श्वभूमी असते. उजळ भिंतींवरून प्रकाश परावर्तित झाला की काचेचा रंग फिका वाटतो. शिवाय आठशे वर्षांच्या मेणबत्त्यांचा धूर हाही इतिहासच आहे; तो पुसण्याचा अधिकार कोणाला?

पाथरवट :
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण ज्या काळोखावर आपण प्रेम केलेत तो बांधणाऱ्यांनी योजलेला नव्हता. ११९४ च्या आगीत जुनी वास्तू जळाली. तळघर आणि पश्चिमेचे राजद्वार तेवढे वाचले. त्यानंतर अवघ्या पंचवीस-तीस वर्षांत मुख्य छत उभे राहिले, आणि ते उभारताना कारागिरांनी एक धाडस केले. भिंतीचा भार बाहेरच्या कमानदार टेकूंवर सोपवून त्यांनी बाजूच्या दालनांवरचा सज्जा वगळला आणि वरच्या खिडक्या एवढ्या मोठ्या केल्या की भिंतीला फारसे कामच उरले नाही. सुमारे ३७ मीटर उंचीपर्यंत प्रकाश नेण्यासाठी एवढा खटाटोप करणारी माणसे आत भुयारासारखा अंधार राहावा म्हणून राबली असतील का?

गिलाव्याचा पुरावा तर याहून बोलका आहे. काजळीखाली तेराव्या शतकातला पिवळसर थर मोठ्या प्रमाणावर सापडला, आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी दगडांचे सांधे रंगवलेले होते. ते सांधे मागच्या खऱ्या दगडांच्या सांध्यांशी जुळत नाहीत. म्हणजे उघडा, खडबडीत दगड दिसावा ही कल्पना आपली, आधुनिक माणसांची. त्यांना नीटस, एकसारखी भिंत हवी होती. शिवाय काचाही मळल्या होत्या. त्या स्वच्छ केल्यावर आत येणारा रंग वाढतो, घटत नाही.

काचकमळ :
दोघांनीही गायनकक्षाचा, म्हणजे मुख्य वेदीजवळच्या भागाचा, विचार केलेला दिसत नाही. तिथला प्रकाश अठराव्या शतकातच बदलला होता. त्या काळच्या धर्मगुरूंना मध्ययुगीन अंधार गावंढळ वाटला. त्यांनी १७६३ मध्ये गायनकक्षापुढची कोरीव दगडी आडभिंत पाडली आणि पुढे काही रंगीत काचा काढून साध्या बसवल्या. तेव्हा ‘मूळ स्वरूप’ परत आणले असे म्हणताना कोणत्या वर्षाचे मूळ, हे सांगावे लागेल. तेराव्या शतकाची भिंत, अठराव्या शतकाच्या काचा आणि १८३६ च्या आगीनंतर लाकडाऐवजी ओतीव लोखंडावर पेललेले छप्पर, असा एकत्र संसार कोणत्याही एका काळात नव्हता.

वास्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत सर्व कालखंडांच्या भरीचा आदर करावा, शैलीची एकता हे उद्दिष्ट नसावे असे म्हटले आहे. मात्र वरचा थर क्षुल्लक आणि खालचा अत्यंत मोलाचा असेल, तर तो अपवाद म्हणून उघडा करता येतो, हेही तिथेच आहे. तेव्हा वाद खरा एवढाच उरतो : काजळी क्षुल्लक की नाही? मला ती क्षुल्लक वाटते. नवा गिलावा किती चढवला, याची चिंता मात्र वाटते, कारण तिथे जतन संपून अनुमान सुरू होते.

चंद्रमौळी :
सांध्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तो मला पटला. भिंतीबाबत माझा सूर मी खाली आणतो. परंतु स्तंभावरच्या मेरीच्या मूर्तीचे काय? सोळाव्या शतकातली ती लाकडी मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या काळ्या चेहऱ्याची म्हणून पूजली गेली, आणि दुरुस्तीत तिचा चेहरा गोरा केला गेला. भिंतीपुढे कोणी गुडघे टेकत नाही, मूर्तीपुढे टेकतात. जिची प्रार्थना आपल्या आजीने केली ती काळी मेरीच ज्यांना हवी होती, त्यांच्यासाठी खालचा थर कितीही जुना असला तरी वरचा थर क्षुल्लक नव्हता.

पाथरवट :
मूर्तीबाबत मी आपल्याशी भांडणार नाही. भिंतीला जो न्याय लावला तो तिला तसाच लावता येत नाही, आणि तो निर्णय भाविकांना आधी विचारून व्हायला हवा होता. पण पुढच्या वेळी गेलात, तर दुपारी दक्षिणेच्या खिडक्यांसमोर उभे राहून उत्तरेकडच्या खांबांवर पडणारे लाल-निळे कवडसे जरूर पाहा. काळ्या दगडावर ते मला कधीच दिसले नव्हते.