स्टीलच्या ब्रॅकेटमध्ये १८ टक्के क्रोमियम, म्हणून रोह्सला नापास? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं लहानसं शॉप आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, थोडं टिग वेल्डिंग. एका पार्टीला एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे ब्रॅकेट देतो. ते कंट्रोल पॅनलमध्ये बसतात आणि पॅनल युरोपला जातात. तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही. आता रोह्सचं, म्हणजे विजेच्या-इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या नियमाचं, डिक्लरेशन पाहिजे म्हणे. त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांनी एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) लावली आणि रिपोर्ट पाठवला: क्रोमियम १८.२ टक्के. खाली लाल पेनानं, "मर्यादा ०.१ टक्का. लॉट रिजेक्ट."

अहो, क्रोमियम काढलं तर ते स्टेनलेस राहील का? फोनवर हेच बोललो, तर साहेब म्हणायलेत नियम म्हणजे नियम. ४०० नग पडून आहेत, बिल अडकलंय. मिलची एमटीसी (स्टीलच्या तपासणीचं सर्टिफिकेट) आहे, त्यात निकेलही ८ च्या वर. त्याचं पण काही असतं का? लेखी काय देऊ? डोकं चालंना.

त्याच ऑर्डरीत एमएसचे (साध्या स्टीलचे) झिंक प्लेटिंगवाले स्क्रूही जातात. त्यांचं मात्र कुणी नाव काढलं नाही.

प्लेटिंगवाला: दादा, ब्रॅकेटची काळजी सोडा. रोह्सच्या यादीत नुसतं क्रोमियम नाहीच, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आहे, आपलं क्रोम सिक्स, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. स्टीलमधलं क्रोमियम धातू म्हणून मिसळलेलं असतं, आणि गंज अडवणारा वरचा पातळ थर क्रोम थ्रीच्या (ट्रायव्हॅलंट, यादीत नसलेलं रूप) ऑक्साइडचा. गनला यातला फरक कळत नाही, ती एकूण क्रोमियम दाखवते. निकेल यादीतच नाही. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोम सिक्स, पीबीबी, पीबीडीई (ही दोन आगरोधक रसायनं) आणि २०१५ च्या दुरुस्तीत आलेले चार थॅलेट, झाले दहा. थॅलेट प्लास्टिक-रबरातले, तुमचा संबंध नाही. कॅडमियमला तेवढी मर्यादा ०.०१, बाकी सगळ्यांना ०.१ टक्का.

(वेल्डिंगच्या धुरात क्रोम सिक्स असतं बरं का. रोह्सला त्याचं घेणंदेणं नाही, पण वेल्डरच्या छातीला आहे. एक्झॉस्ट लावा.)

पत्रात लिहा: क्रोमियम मिश्रधातूत धातुरूपात आहे, हेक्साव्हॅलंट क्रोमियम वापरलेलं नाही, निर्देश २०११/६५ आणि दुरुस्ती २०१५/८६३ नुसार माल योग्य. एमटीसी जोडा. बाहेरून पॅसिव्हेशन (गंज रोखायची रासायनिक प्रक्रिया) करून घेत असाल तर आधी बाथमध्ये डायक्रोमेट, म्हणजे क्रोम सिक्सचं रसायन, आहे का ते विचारा, मगच सही करा.

आता खरं सांगा, स्क्रू कसल्या रंगाचे?

धागाकर्ता: पिवळे. उन्हात धरले की सप्तरंगी झाक मारतात. पण तो थर केवढासा, स्क्रूच्या वजनात धरला तर काहीच नाही ना?

प्लेटिंगवाला: तिथंच फसाल. मर्यादा अख्ख्या स्क्रूला नाही, प्रत्येक एकसंध पदार्थाला आहे. थराचा हिशेब वेगळा. जुनं पिवळं पॅसिव्हेशन क्रोम सिक्सचंच असायचं. हल्ली ट्रायव्हॅलंटवर पिवळा डाय मारूनही देतात, म्हणून रंगावरून ठरवू नका. प्लेटरकडून लेखी घ्या आणि लॅबला आयईसी ६२३२१-७-१ ची टेस्ट सांगा. स्क्रू उकळत्या पाण्यात ठेवतात, मग त्या पाण्यात रसायन घालून रंग बघतात.

धागाकर्ता: पत्र दिलं, ब्रॅकेट सुटले. आभार. स्क्रूचं आज प्लेटरला विचारलं. तो म्हणतो, "कोणतं पिवळं पाहिजे शेठ, नेहमीचं का एक्स्पोर्टचं?"