कमी उंचीत बेंच ड्रिल: बेल्टचं झाकण कापावं की कापू नये?

पत्रेकाम: कापावं. १३ मिमीच्या बेंच ड्रिलचं झाकण डाव्या लांब कडेवर उघडत असेल आणि रुंदी २३० मिमी असेल, तर वर तेवढी मोकळी जागा लागते. पोटमाळ्याखाली मिळतात जेमतेम १३०. मग वेग बदलायला बेल्ट पुलीच्या दुसऱ्या पायरीवर घालायचा कंटाळा येतो आणि १२ मिमीचा ड्रिल २५०० आरपीएमला जळतो. झाकण लांबीत मधोमध १ मिमीच्या कटिंग व्हीलने कापा, वरून पियानो बिजागरी (सलग लांब पट्टीची) लावा. उजवा भाग डाव्यावर दुमडायचा, मग जोडी उभी करायची. ११५ मिमीत काम होतं.

जुना_फिटर: पत्र्याची सगळी ताकद दुमडलेल्या कडेत असते. पुढची-मागची कड कापलीत की झाकण खडखडणार, आणि खडखडणारं झाकण लोक आठवड्यात काढून कोपऱ्यात टाकतात. त्यापेक्षा अँगलचा स्टँड ११० मिमीने बुटका करा.

पत्रेकाम: स्टँड स्वतंत्र असेल तर जरूर करा. पण मशीन सामायिक टेबलावर असेल तर? खडखडाटावर उपाय आहे: कापाच्या दोन्ही बाजूंना आतून २०×३ मिमीची पट्टी रिव्हेटने, कडेला रबर बीडिंग. पट्टी लावण्याआधी स्पिंडल पुलीच्या (ड्रिल फिरवणाऱ्या पुलीच्या) नटावर पुट्टीचा गोळा ठेवून झाकण बंद करा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. पट्टी नि रिव्हेटचं डोकं वजा जाता १० मिमी उरत नसतील तर पट्टी बाहेरून. बिडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर हा प्रयोग नको.

हलकं_काम: एवढा खटाटोप कशाला? बिजागरीची पिन काढा, दोन टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की आवळणारे) लावा. कडेइतकं उचललं की झाकण बाजूला सरकतं.

जुना_फिटर: सुटं झाकण म्हणजे नसलेलं झाकण. भाग फिरत असताना संरक्षण जागेवरच हवं, हे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्येही होतं. सुटं ठेवायचंच असेल तर लिमिट स्विच (झाकण निघताच वीज तोडणारा) हवाच.

कंट्रोल_पॅनल: आणि तो स्विच मोटरच्या साध्या टॉगलला सिरीजमध्ये जोडू नका! झाकण परत बसवताच मोटर सुरू होईल, तेव्हा बोटं अजून कडेवर असतात. डीओएल स्टार्टरच्या (हिरव्या-लाल बटणाच्या मोटर स्टार्टरच्या) कॉइलच्या वायरीत घाला, म्हणजे पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय काही फिरणार नाही.

खरं तर झाकण उघडायचीच वेळ येऊ नये. थ्री-फेज मोटर, सिंगल-फेज इनपुटचा व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), बेल्ट कायम १३०० आरपीएमवर.

पत्रेकाम: माइल्ड स्टीलला २५ मीटर प्रति मिनिट धरा. १२ च्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला साधारण ६६० आरपीएम, म्हणजे व्हीएफडीवर ५० ऐवजी २५ हर्ट्झ. अर्धा एचपीची मोटर तिथे पाव एचपीच देते. बेल्टने ६६० केलं तर टॉर्क दुप्पट मिळाला असता. मोठ्या ड्रिललाच तो हवा असतो, त्यात मोटर थंड ठेवणारा पंखाही निम्म्या वेगाने फिरतो.

कंट्रोल_पॅनल: मग १ एचपीची मोटर घाला.

जुना_फिटर: ती मागच्या प्लेटवर बसते का ते आधी बघा. फ्रेम बदलली की शाफ्टचा व्यास बदलतो, पुलीचं बोअर नि चावीची खाच पुन्हा करावी लागते. तेवढ्यात स्टँड दोनदा कापून होईल.