मदत हवी आहे: बाहेर नेलं तर करत नाही, आत आलं की गालिच्यावर शू

चारपावली:
कुणीतरी लवकर सांगा. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आहे, घरी आणून सहा आठवडे झाले. बाहेर वीस-वीस मिनिटं फिरवते, तिथे काही नाही. आत पाऊल टाकलं की पाचव्या मिनिटाला गालिच्यावर तळं. आज दुपारपर्यंत चार वेळा पुसून झालं. रागावून झालं, नाक शूला लावून झालं, शू शोषणारे पॅड अंथरून झाले. क्रेट (जाळीचा पिंजरा) घेतलाय, चांगला ऐसपैस, वाढल्यावरही पुरेल असा. त्यातही करते. नेमकं काय करू ते सांगा. 'धीर धरा' एवढंच नका सांगू.

नेमकंबोल:
जात कोणती? वय किती आठवडे? नर की मादी? ('करते' लिहिलंय म्हणून मादी धरतो.) जेवणं किती आणि किती वाजता? शू एकदम भरपूर होते की थोडी थोडी, अनेकदा? गालिचा कशाने पुसता? हे कळल्याशिवाय मिळेल तो सल्ला अंदाजपंचे असेल.

तोवर एक करा. नाक लावणं आजच बंद. आधीची शू आणि आत्ताची शिक्षा यांचा मेळ पिल्लाला घालता येत नाही. माणसाच्या देखत शू करणं धोक्याचं आहे, एवढंच ते शिकतं. मग बाहेर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असता तेव्हा ते रोखून धरतं आणि आत आल्यावर तुमची पाठ वळली की मोकळं होतं. तुमच्या निम्म्या तक्रारीचं मूळ इथे असू शकतं.

पट्टाबंद:
क्रेटचं उत्तर सोपं आहे, तो फार मोठा आहे. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून आडवं होता यावं, बस. त्याहून जास्त जागा असली की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोप. जाळीचा दुभाजक लावा आणि पिल्लू वाढेल तसा मागे सरकवा. मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढतं, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी बघावं लागेल.

आता बाहेरचं. वीस मिनिटं फिरवणं हीच चूक आहे. नवे वास, आवाज, माणसं यांत पिल्लू शू विसरतं आणि घरात शांत झालं की आठवते. असं करा: आखूड पट्टा, रोज तीच जागा, तुम्ही झाडासारखे उभे. पाच मिनिटं. केली तर पूर्ण होऊ द्या, मध्येच शाबासकी दिली तर अर्ध्यावर थांबतं. संपली की दोन सेकंदांत तिथेच खाऊ, आणि मग फिरायला न्या. फिरणं हे शूचं बक्षीस. शू झाल्या झाल्या आत आणलंत तर 'केली की मजा संपते' हा धडा मिळतो आणि पुढच्या वेळी ती रोखते.

पाच मिनिटांत नाही केली तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. क्रेटमध्ये, नाहीतर पट्टा तुमच्या कमरेला बांधून १० ते १५ मिनिटं. पुन्हा बाहेर, त्याच जागी. होईपर्यंत हेच चक्र.

अंगणवेल:
क्रेटशिवाय काही सुचतच नाही का लोकांना? एक छोटी खोली रिकामी करा, दाराला बेबी गेट लावा, एका बाजूला पॅड. पॅड रोज थोडा थोडा दाराकडे सरकवा, मग दाराबाहेर. दोन-तीन आठवड्यांत काम होतं.

पट्टाबंद:
लहान जातीत चालून जातं. मोठ्या जातीत नाही, कारण एका वेळची शूच एवढी असते की ती पॅडच्या कडेने बाहेर वाहते. आणि पिल्लं पायाखालच्या पोतावरून जागा ठरवतात. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या वयात ही आवड पक्की होऊ लागते. पॅड मऊ आणि शोषणारा, गालिचाही मऊ आणि शोषणारा. पिल्लाला दोन्ही सारखेच वाटणार. पॅड उचला.

अंगणवेल:
लस पूर्ण झालेली नसेल तर? पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला नेण्यापेक्षा पॅड बरा. लसीबद्दल कुणी विचारलंही नाही.

नेमकंबोल:
मुद्दा बरोबर. लस अपुरी असेल तर मातीचा किंवा गवताचा ट्रे ठेवा, म्हणजे पोत बाहेरचाच राहतो.

हाडांची_काळजी:
मोठी जात म्हणता तर जिने चढवू नका, फरशीवर घसरू देऊ नका, खुबे बिघडतात. कॅल्शियमची वेगळी पावडर अजिबात नको. मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही, त्याने हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य असेल तर तेवढं पुरतं.

चारपावली:
कॅल्शियम देत नाही, आणि आत्ता तो प्रश्नही नाही.
गोल्डन रिट्रीव्हर, मादी, १५ आठवडे, १३ किलो. जेवण तीन वेळा, वाटेल तेव्हा. लसी झाल्यात, शेवटचा डोस चार दिवसांपूर्वी. गालिचा फिनाईलने पुसते, कधी ब्लीच. शू कधी भरपूर, कधी वाटीभरसुद्धा नाही. सकाळी आठ ते साडेबारा ती एकटी असते.

नेमकंबोल:
साडेचार तास! वयाचे महिने अधिक एक, एवढे तास जास्तीत जास्त, तेही झोपलेली असताना. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाची ती अगदी टोकाची मर्यादा झाली. जागी असेल, खेळत असेल तर तासभरही जड जातं. मध्ये दहाच्या सुमाराला कुणीतरी बाहेर काढायला हवं. ते जमत नसेल तर बाकी सगळं अचूक करूनही सकाळचा अपघात टळणार नाही.

जेवणाच्या वेळा घड्याळाने बांधा आणि भांडं १५ मिनिटांनी उचला. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवल्यावर १० ते ३० मिनिटांत शी येते. ती वेळ ठरली की निम्मं काम झालं. याशिवाय झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्याबरोबर, आणि जागी असताना दर ४५ मिनिटांनी बाहेर. खेळणं तोंडातून टाकून नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली, की तुमच्याकडे पाच-सात सेकंद आहेत.

ब्लीच लगेच थांबवा. मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. आणि फिनाईलने तुमच्या नाकाला वास गेला असं वाटतं, तिच्या नाही.

डागविरोधी:
गालिच्याचं मी सांगते. आधी कोरडा टॉवेल ठेवून त्यावर उभं राहा, ओल वर येईपर्यंत टॉवेल बदलत राहा. घासू नका. मग एन्झाइमवालं (शूचे घटकच मोडून वास घालवणारं) क्लीनर, आणि शू जितकी खोल गेली तितकंच खोल जायला हवं. गालिच्याखालच्या फोममध्ये डाग वरच्यापेक्षा मोठा असतो, वरवर फवारा मारून काही होत नाही. डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, वर प्लास्टिक टाका, सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. फिनाईल लागलेली जागा आधी साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. वाफेचं यंत्र नको, उष्णतेने वास आणि डाग पक्के बसतात. रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारा, न दिसलेल्या जागा पिवळसर चमकतील. त्याहून सोपं म्हणजे दोन महिने गालिचा गुंडाळून ठेवा.

अंगणवेल:
आणि संध्याकाळी सातनंतर पाणी बंद करा. रात्र कोरडी जाते.

नेमकंबोल:
झोपण्याआधी दीड-दोन तास भांडं उचलणं वेगळं, आणि सातपासून बंद वेगळं. 'कधी वाटीभरसुद्धा नाही' हे वाक्य मला खटकतंय. चारपावली, थोडी थोडी होते तेव्हा कुंथते का? तो भाग सारखा चाटते का? शूला उग्र वास, लालसर रंग? मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर पाणी तोडणं उलट अंगाशी येईल.

चारपावली:
चाटते, हो. मला वाटलं स्वच्छता करते. कुंथताना नीट पाहिलं नाही. रंग साधा. बाकी विशेष नाही, झोपून उठली की अंथरूण शेपटीखाली ओलं असतं तेवढंच. तिला पत्ताही नसतो, तशीच झोपून राहते.

नेमकंबोल:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. जागेपणी उकिडवं बसून केलेली शू हा सवयीचा प्रश्न. झोपेत नकळत गळणं सवयीचं नसतं, त्याला कुठलंही प्रशिक्षण लागू पडत नाही. संसर्ग असू शकतो. जन्मजात दोषही असू शकतो: मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रमार्गात उघडते, मग थेंब थेंब गळत राहतं. माद्यांमध्ये जास्त, आणि गोल्डन, लॅब्रॅडॉर, हस्की, न्यूफाउंडलँड या जातींत अधिक आढळतो. सोनोग्राफी, सीटी किंवा दुर्बिणीने निदान होतं, शस्त्रक्रियेने किंवा लेझरने उपचार होतात. लगेच तिथवर उडी नको, आधी लघवी तपासा.

सकाळची पहिली शू घ्या. पसरट, कोरडा, स्वच्छ ट्रे मागून हळूच सरकवा, सुरुवातीची धार सोडून मधली धरा. लगेच द्या, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायचं ठरलं तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतील, घाबरू नका.

हाडांची_काळजी:
नसबंदीचा विचार असेल तर तो सध्या लांबवा. गळण्याची तक्रार असलेल्या मादीत पहिला माज होऊ देणं अनेक डॉक्टर पसंत करतात, काहींचं गळणं त्यानंतर कमी होतं.

नेमकंबोल:
हे मात्र उपयोगाचं.

चारपावली:
नऊ दिवसांनी लिहितेय. लघवीत संसर्ग निघाला, कल्चरनुसार औषध सुरू आहे. दुभाजक लावला, गालिचा गुंडाळला, दहा वाजता शेजारून बाहेर काढतात. पाच मिनिटं एका जागी उभं राहण्याचं चक्र पहिले दोन दिवस चार-चार वेळा करावं लागलं, आता पहिल्या खेपेतच होते. काल आणि आज जागेपणी घरात एकही नाही. अंथरूण मात्र अजून कधी कधी ओलं असतं. औषध आणखी तीन दिवस आहे. थांबू की आत्ताच सोनोग्राफी मागू?

नेमकंबोल:
औषध पूर्ण करा. संपल्यावर पाच-सात दिवसांनी पुन्हा कल्चर. ते स्वच्छ आलं आणि अंथरूण तरीही ओलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफीचं बोला. तोवर अंथरुणावर पांढरा टॉवेल घाला आणि रोज सकाळी ओल केवढी आहे ते तारखेसह लिहून ठेवा, डॉक्टर हेच आधी विचारतील. कातडी ओली राहून लाल झाली तर साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

डागविरोधी:
आणि गालिचा अजून उलगडू नका.