२२ जणांनी कोकणात रोज मुक्काम हलवावा का?

घाटउतार:
थंडी पडली की पुण्यातले सोसायट्यांचे, भिशीचे, निवृत्तांचे ग्रुप सिंधुदुर्गाकडे निघतात. बहुतेकांचा बेत एकाच साच्यातला: पहिली रात्र गणपतीपुळे, दुसरी कुणकेश्वर, तिसरी तारकर्ली, चौथ्या दिवशी परत. वीसच्या वर माणसं असतील तर हे करू नये, असं माझं मत आहे. तिन्ही रात्री तारकर्ली-देवबागलाच राहावं.

चार दिवस म्हणायला चार. पुणे ते तारकर्ली ३९० किमीच्या आसपास. कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडीमार्गे मिनीबसला जेवणखाण धरून दहा तास लागतात. जायचा आणि यायचा दिवस असे गाडीत गेले, उरले दोन. त्यातही मुक्काम हलवला की सकाळी आठ खोल्या रिकाम्या करा, बॅगा मोजा, कुणाचा चार्जर राहिला म्हणून परत वर पळा. संध्याकाळी हेच उलट. रस्त्यात चहाला थांबलात आणि टपरीमागे दोन संडास असले, तर माणशी तीन मिनिटं धरून २२ जणांना ३३ मिनिटं. चहा वेगळा.

शिवाय समुद्र आपल्या वेळापत्रकावर चालत नाही. देवबागचं सुनामी बेट ओहोटीलाच नीट उघडं पडतं. एका जागी राहिलात तर ओहोटी सकाळी असेल तेव्हा बेट आणि दुपारी मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, नाहीतर उलट, अशी अदलाबदल करता येते. दुपारी दोनला पोहोचून सकाळी नऊला निघणाऱ्याला जे मिळेल ते घ्यावं लागतं.

पिवळी पाटी:
भाडं कसं लागतं ते बघितलेलं दिसत नाही. पुण्यात मिनीबसला साधारणपणे दिवसाला कमीत कमी ३०० किमी लावतात, गाडी हलो न हलो. चार दिवसांचे १२०० किमी. तुमच्या बेतात जाणं-येणं ७८० आणि स्थानिक ६०, म्हणजे ८४०. उरलेले ३६० किमी गाडी नारळाखाली उभी करून भरायचे. किमीला ३० रुपये धरा, १०,८०० रुपये होतात. त्याच पैशात आंबा घाटाने गणपतीपुळ्याला उतरून, सागरी मार्गाने जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर करत मालवण गाठता येतं आणि फोंडा घाटाने वर येता येतं. एकच रस्ता दोनदा बघावा लागत नाही.

घाटउतार:
१०,८०० भागिले २२ म्हणजे डोई ४९१ रुपये. तेवढ्यासाठी साठीच्या पुढच्या माणसांना रोज बॅगा भरायला लावायच्या?

पिवळी पाटी:
डोई ४९१ मध्ये सुरमईची थाळी येते. आणि बॅगांचं म्हणाल तर तो शिस्तीचा प्रश्न आहे. माणशी एकच बॅग, तिला खोली क्रमांकाची चिठ्ठी, रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. मोठी बॅग रोज उघडायची गरजच नाही. २६ सीटच्या गाडीत २२ माणसं बसवली की मागची चार सीटं सामानाला मिळतात. हेच २० सीटच्या गाडीत कोंबून बसवलं तर सामान टपावर जातं, मग ताडपत्री, दोर आणि रोजची अर्धा तास बांधाबांध.

साखरबाव:
दोघंही देवबागचा रस्ता विसरताय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर एकच अरुंद रस्ता. समोरून दुसरी बस आली की एकाला मागे जावं लागतं. बुकिंग करताना ‘मिनीबस अंगणापर्यंत येते का आणि वळते कुठे’ हे दोन प्रश्न विचारा. नाहीतर आजीबाईंना बॅगेसकट वाळूतून चालवाल.

खाण्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. घरगुती खाणावळीत २२ पानं ऐनवेळी मिळत नाहीत. आकडा आदल्या रात्री द्यायचा, तोही फोडून: किती मासे, किती शाकाहारी, किती जणांना फक्त चिकन. तारीख ठरवताना कॅलेंडरात संकष्टी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार बघा. पुण्याच्या ग्रुपमध्ये निम्मी मंडळी नेमकी त्याच दिवशी उपासाची निघतात आणि सांगितलेला बांगडा तसाच राहतो. या बाबतीत मी एका मुक्कामाच्या बाजूने आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या घराला तुमचं खाणं कळलेलं असतं.

तिथीवाला:
ओहोटीसाठी ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, सप्तमीला सव्वापाच, एकादशीला सव्वाआठ. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याचं आहे, मालवणात भरती थोडी आधी येते. तारीख निवडतानाच हे बघितलं, तर ‘एका जागी राहून अदलाबदल’ या मुद्द्यात फारसा दम उरत नाही.

घाटउतार:
तारीख २२ जणांच्या सुट्ट्या बघून ठरते हो, तिथी बघून नाही.

साखरबाव:
सिंधुदुर्ग किल्ल्याची गोष्टही वेळेचीच. मालवण जेटीवरून होडी सोडते आणि साधारण तासाभराने परत न्यायला येते. तेवढ्यात शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या विहिरी होतात. सगळा तट फिरायचा तर वेळ पुरत नाही. २२ जणांत चार तरी मागे रेंगाळतात, म्हणून होडीवाल्याशी आधीच दीड तास ठरवा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. जून-जुलैत मासेमारीबंदी असल्याने ताजी मोठी मासळीही नसते. स्कूबा ठरवाल तर दमा, हृदयविकार आणि गरोदरपण असलेल्यांना वगळा, आणि हे पुण्यातच विचारून घ्या. होडीत बसल्यावर कुणी खरं सांगत नाही.

रातराणी:
मुळात पुण्यापासून बस कशाला? पनवेलहून कोकणकन्या किंवा तुतारी पकडा, कुडाळला उतरा, तिथून तारकर्ली साधारण तासाभराची. स्थानिक गाड्या लागतील तेवढ्याच घ्या. ३०० किमीचा वादच मिटतो आणि घाटात मागच्या सीटवर उलटीच्या पिशव्या धरून बसणंही टळतं.

पिवळी पाटी:
एका तिकिटावर सहाच प्रवासी. २२ जणांची चार तिकिटं, चार डब्यांत विखुरलेली. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीसाठी सकाळी ८ वाजता चार जणांनी एकदम बसावं लागेल. वर पुणे ते पनवेल रात्रीची वेगळी गाडी. पुण्याहून थेट कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्या आठवड्यात मोजक्याच.

रातराणी:
चार जणांना पंधरा मिनिटं बसवणं अवघड, आणि २२ जणांना दहा तास बसवणं सोपं?

कात्रजचा घाट:
काहीही ठरवा, पण गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. निघताना कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता, बिबवेवाडी असं दारोदार पिकअप ठेवू नका. प्रत्येक थांब्याचे पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पाचला निघालेली गाडी साडेसहाला कात्रजला असते. मग शनिवारचा खंबाटकी. दोनच थांबे, चांदणी चौक आणि नवले पूल. घाट कुठला चालू आहे तेही आदल्या दिवशी वैभववाडीकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. गगनबावडा-वैभववाडीमधला करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी बराच काळ बंद होता आणि नकाशे बघून निघालेले गगनबावड्यातून मागे फिरायचे.

पिवळी पाटी:
चालकाचं कुणीच लिहिलं नाही. रोजचा भत्ता वेगळा धरा आणि त्याला झोपायला खोली द्या, गाडीत नको. मी सांगितलेल्या फिरत्या बेतात त्याला रोज सहा-सात तास चाक धरावं लागतं, हे मान्य.

घाटउतार:
आणि मी सांगितलेल्यात मधले दोन दिवस तो झोपतो, मग परतीच्या दिवशी ताज्या डोळ्यांनी घाट चढतो. त्याचे ४९१ मी देईन.